पंच कोण आणि पंच कुठला: पोराची बॉक्सिंगची पहिली बाउट, म्हणजे लढत, बघायला येणाऱ्यांसाठी

माझं सांगलीत घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे. बॉक्सिंगशी माझा संबंध जुळला तो एवढ्यावरच. वीसेक वर्षांपूर्वी एका जिल्हा स्पर्धेचा टाइमकीपर ऐन वेळी आला नाही. आयोजकांपैकी एकजण दुकानात येऊन म्हणाला, “काका, तुमच्याकडं घड्याळं हाईत न्हवं? मग चला की.” मी एक स्टॉपवॉच खिशात टाकलं आणि गेलो. तेव्हापासून दर हंगामात रिंगच्या कडेला टेबलाशी बसतो. एका हातात घड्याळ, दुसऱ्या हाताशी घंटा, आणि पाठीमागे खुर्च्यांवर पोरांचे आईबाप.

पाठीमागून जे ऐकू येतं त्यावरून हे लिहायला घेतलंय. आमचा मुलूख कुस्तीचा. पाठ टेकली की कुस्ती संपली, हे इथं शेंबड्या पोरालाही कळतं. बॉक्सिंगमध्ये तसं एका नजरेत काही उमगत नाही, मग माणसं गोंधळतात आणि गोंधळली की ओरडतात. त्यात आपल्या भाषेनं आणखी घोळ घातलाय. पेपरात ‘पंच’ म्हणजे निकाल देणारा माणूस, तालमीत ‘पंच’ म्हणजे ठोसा. मागच्या हंगामात एक आजोबा विचारत होते, “पंच चुकला म्हंजी कोण चुकला?” प्रश्न रास्त होता. म्हणून इथं मी मारायच्या पंचाला ठोसा म्हणतो आणि माणसांना रेफरी (रिंगच्या आत खेळ चालवणारा) नि जज (बाहेर बसून गुण देणारे).

आधी घंटेच्या आसपासचं, कारण ते माझं खातं आहे.

पोरगं ज्युनिअर गटात, म्हणजे पंधरा-सोळा वर्षांचं असेल, तर 2 मिनिटांच्या 3 फेऱ्या. सतरा-अठराचा युथ गट आणि त्यापुढचा मोठ्यांचा एलिट गट, यांना 3 मिनिटांच्या 3. मध्ये 1 मिनिट विश्रांती. तीन मिनिटं खेळ आणि एक मिनिट दम, हा हिशेब 1867 सालच्या इंग्लंडमधल्या क्वीन्सबेरी नियमांपासून चालत आलाय. त्याच नियमांनी मुठीवर ग्लोव्ह चढवला आणि पडलेल्याला उठायला दहा सेकंद दिले. नियमांना नाव मार्क्विस ऑफ क्वीन्सबेरीचं, पण ते लिहून काढले जॉन ग्रॅहम चेंबर्सनं.

फेरी सुरू व्हायच्या दहा सेकंद आधी हाळी येते, “सेकंड्स आऊट!” पहिल्या दिवशी ती ऐकून मला वाटलं की सेकंद संपले, आणि मी घड्याळ बंद करून मोकळा झालो. मी तर घड्याळजी, सेकंदाचा दुसरा काही अर्थ असेल हे डोक्यातच येईना. सेकंड म्हणजे कोपऱ्यातली माणसं: कोच आणि त्याचा मदतनीस, पाण्याची बाटली, टॉवेल आणि स्टूल घेऊन उभे असतात ते. एक मिनिटाच्या विश्रांतीत त्यातला एकच जण दोरांच्या आत जाऊ शकतो. हाळी झाली की सगळ्यांनी स्टूलसकट खाली उतरायचं. फेरी चालू असताना कोचनं खुर्चीवर बसून राहायचं असतं. उठून नाचायला लागला तर रेफरी त्याला समज देतो, प्रसंगी बाहेर काढतो. आईबापांना हा नियम लागू नाही, ही आमची अडचण.

फेरी संपायला दहा सेकंद उरले की मी लाकडी ठोकळा आपटतो. तो आवाज पोरांसाठी असतो, पण तुम्हीही ऐकत चला. ठोकळा वाजला की दमलेली पोरंसुद्धा एकदम हात सोडतात, कारण शेवटचं जे दिसतं ते जजच्या डोळ्यात राहतं, असा सगळ्यांचा समज आहे.

रेफरीच्या तोंडी तीनच शब्द असतात. ‘बॉक्स’ म्हणजे खेळा. ‘स्टॉप’ म्हणजे जिथं आहात तिथं थांबा. ‘ब्रेक’ म्हणजे मिठी सोडा आणि एक पाऊल मागं या, मगच पुढचा ठोसा. ब्रेक म्हटल्यावर मागं न येता तिथल्या तिथं मारलं तर तो फाऊल. नवख्या पोरांच्या हातून हमखास होतो. चौथा शब्द माझ्यासाठी: ‘टाइम’. ग्लोव्हची पट्टी सुटली, डॉक्टरला बोलवायचंय, तर रेफरी माझ्याकडे बघून टाइम म्हणतो आणि मी घड्याळ थांबवतो. एकदा पट्टी बांधताना त्या पोराचं नाक बघत बसलो आणि बटण दाबायला विसरलो. फेरी वीसेक सेकंद आधीच संपली. समोरच्या कोचनं मला जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण त्याचं बरोबर होतं.

आता मुख्य गोष्ट. ठोसा लागला म्हणजे नक्की काय झालं?

घरी गेल्यावर पोराचा ग्लोव्ह हातात घ्या. मूठ वळली की बोटांच्या मुळाशी जी सपाट, फुगीर बाजू येते, तेवढ्याच भागानं मारलेला ठोसा धरतात. पूर्वी ग्लोव्हवर तेवढा भाग पांढरा रंगवलेला असायचा, लांबूनसुद्धा कळायचं. पंजाच्या आतल्या बाजूनं बसली तर ती थप्पड. मनगटानं, कडेनं, कोपरानं लागलेलंही धरत नाहीत, उलट त्याबद्दल बोलणी बसतात. आणि लागायला कुठं हवं? चेहरा आणि डोक्याच्या दोन्ही बाजू, आणि पट्ट्याच्या वर अंगाचा पुढचा भाग नि बरगड्या. दंडावर, ग्लोव्हवर, खांद्यावर आपटलेले ठोसे जमेत नाहीत. डोक्याच्या मागं, मानेवर, पाठीत किंवा पट्ट्याच्या खाली मारलं तर फाऊल. शिवाय ठोशात अंगाचं वजन हवं. नुसता स्पर्श झाला तर झाला.

हे एवढं कळलं की अर्धी बाउट कळली. रिंगपासून माझं टेबल हातभर अंतरावर असतं, आणि घड्याळ दुरुस्तीत कान तयार झालेत, म्हणून मी आवाजावर जातो. थप्पड ‘फट्ट’ वाजते, थेट मागच्या भिंतीपर्यंत. नीट बसलेला ठोसा ‘ढप्’ असा बसका वाजतो, पोत्यावर पोतं टाकल्यासारखा. हॉल फट्टवर उसळतो. ढप् झालं की पहिल्या रांगेतली चार माणसं तेवढी “स्स” करतात. पोरगं रिंगणात रानोमाळ हात फिरवतंय, समोरचा दोन्ही ग्लोव्ह गालाला लावून, कोपरं बरगड्यांना चिकटवून उभा आहे, आणि मागून “हाण, हाण” चाललंय. पाहणाऱ्याला वाटतं वीस ठोसे बसले. जजच्या लेखी एकही नाही. त्या उभ्या राहिलेल्यानं मधूनच दोन सरळ हात नाकावर ठेवले असतील, तर फेरी त्याची.

ते सरळ हात म्हणजे जॅब. पुढच्या हाताचा, सरळ, झटकन जाऊन परत येणारा ठोसा. बघायला काहीच वाटत नाही, त्याला टाळ्याही पडत नाहीत. पण पोरगं किती शिकलंय ते मी जॅबवरून ओळखतो, हात गेल्या वाटेनं परत गालाशी येतो की खाली लोंबकळतो ते बघून. कोच घसा फोडून “गार्ड! गार्ड!” करतो ते याच्यासाठी. मागच्या हाताचा सरळ ठोसा तो क्रॉस. कंबर फिरते, मागची टाच उचलते आणि सगळं अंग त्यात जातं. जॅब आणि त्यामागं लगेच क्रॉस, याला सगळीकडे ‘वन-टू’ म्हणतात. कोपर वाकवून आडवा, बाजूनं येतो तो हूक. खालून वर हनुवटीला किंवा पोटात येतो तो अपरकट. दोन-तीन ठोसे सलग गुंफले की कॉम्बिनेशन. समोरच्यानं हात टाकल्याबरोबर त्याच्या मोकळ्या झालेल्या बाजूवर मारलं की काउंटर.

डावा हात-पाय पुढं ठेवून उभा राहणारा ऑर्थोडॉक्स. उजवा पुढं ठेवणारा साउथपॉ, बहुधा डावखुरा. तुमच्या पोरासमोर पहिल्यांदाच साउथपॉ आला तर ते पहिली फेरी भांबावणार हे गृहीत धरा. सगळं आरशातल्यासारखं उलटं येतं, दोघांचे पुढचे पाय एकमेकांवर पडतात. त्यात पोरगं अडखळून पडलं तर तो ‘स्लिप’. रेफरी हात हलवून ‘काही नाही’ अशी खूण करतो आणि खेळ पुढं चालू. गंमत म्हणजे ठोसा चुकवायला डोकं जरासं बाजूला घेतात, त्यालाही स्लिपच म्हणतात. कोच “स्लिप कर” म्हणाला तर पोराला पाडायला सांगतोय असं समजू नका.

पडणं वेगळं, आणि त्याची मोजणी वेगळी. पायाच्या तळव्याखेरीज अंगाचा कुठलाही भाग ठोशामुळं जमिनीला टेकला तर ‘डाउन’. गुडघा टेकला तरी डाउन. एवढंच नाही, दोरांवर लोंबकळत राहिला तरी डाउन आणि उभा असून डोळे फिरले असतील तरीही डाउन. या शेवटच्या प्रकारात लोक सर्वांत जास्त चिडतात: “उभा हाय की पोरगा, मोजतंय कशाला?” रेफरी डोळ्यांत बघून मोजत असतो, आणि मोजतो म्हणूनच त्या पोराला सावरायला वेळ मिळतो.

मोजायला लागला की समोरच्यानं पांढऱ्या, म्हणजे कुणाच्याच नसलेल्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. लाल आणि निळा कोपरा दोघा खेळाडूंचा, उरलेले दोन पांढरे. तो गेला नाही तर मोजणी थांबते. पडल्यावर एक सेकंद जाऊ द्यायचा आणि मग ‘वन’. सेकंदांची खूण मी टेबलावरून देतो. रेफरी बोटांनीही आकडा दाखवतो, कारण त्या क्षणी कानात नुसती शीळ वाजत असते. पोरगं तीन आकड्यांत ताठ उभं राहिलं तरी मोजणी आठपर्यंत जातेच. दहा झाले की नॉकआउट. आणि सिनेमातल्यासारखी माझी घंटा कुणाला वाचवत नाही. मोजता मोजता फेरीची वेळ संपली तरी मोजणी चालूच राहते.

निकालाच्या पुकाऱ्यात ‘आरएससी’ (रेफरी स्टॉप्स कॉन्टेस्ट) ऐकलंत तर समजा, रेफरीनं बाउट थांबवली: एकतर्फी मार बसतोय, भुवईवर खोक पडलीय, किंवा डॉक्टर नको म्हणाला. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये यालाच टीकेओ, म्हणजे टेक्निकल नॉकआउट म्हणतात. कोचनं टॉवेल टाकला तर माघार. थांबवल्यावर आई रडते, बाप भांडायला येतो. मी इतकंच म्हणेन, लवकर थांबवणाऱ्या रेफरीच्या हाती पोर सुरक्षित असतं. डोक्याला लागून नॉकआउट झालं तर किमान 30 दिवस रिंगबंदी असते. ती पाळा. “दुसऱ्या जिल्ह्यात कुणाला कळणाराय” असं करू नका.

फाऊलचा हिशेब सोपा आहे. रेफरी आधी तोंडी समज देतो, ती कॉशन. ऐकलं नाही तर खेळ थांबवून, त्या पोराचं मनगट धरून, जजकडे हात करून जाहीर ताकीद देतो, ती वॉर्निंग. वॉर्निंग म्हणजे एक गुण वजा. तिसरी वॉर्निंग बसली की बाद. पट्ट्याखाली मारणं, डोकं घालणं, धरून ठेवणं, ढकलणं, पाठ फिरवणं, तोंडातला गमशील्ड (दात वाचवायचं कव्हर) मुद्दाम थुंकणं, सगळं यात आलं. आमच्या भागातली पोरं धरण्यात पटाईत. अंगात कुस्ती असते ना. समोरचा जवळ आला की हात आपोआप कमरेला जातो.

आता गुण. ‘निळा विजयी, 3-2’ असं पुकारलं की मागून हमखास येतं, “तिनच ठोसं मारलं व्हय?” ते ठोसे नाहीत, जज आहेत. रिंगभोवती पाच जज बसतात, प्रत्येकजण आपापला कागद भरतो. पैकी तिघांच्या कागदावर निळा पुढं, दोघांच्या कागदावर लाल. तोच ‘स्प्लिट’ निकाल. पाचही एका बाजूला गेले तर एकमतानं, 5-0. सप्टेंबर 2025 मध्ये लिव्हरपूलला आपली जास्मिन लॅम्बोरिया 57 किलोत जगज्जेती झाली, ती 4-1 नं. म्हणजे एका जजला पोलंडची युलिया सेरेमेता पुढं वाटली होती.

प्रत्येक फेरीत जिंकणाऱ्याला 10. हरणाऱ्याला चुरस असेल तर 9, साफ मागं पडला तर 8, धुलाईच झाली तर 7. फेरी बरोबरीत सोडता येत नाही, कुणाला तरी द्यावीच लागते. लालनं दोन फेऱ्या निसटत्या घेतल्या, निळ्यानं एक तशीच घेतली, की लाल 29, निळा 28. आता समजा लालला एक वॉर्निंग बसली होती. झाले 28-28. किंवा निळ्यानं आपली एक फेरी 10-8 नं घेतली असेल, तरी बेरीज 28-28 च. मग त्या जजला कुणातरी एकाचं नाव द्यावं लागतं. एका पट्ट्याखालच्या ठोशानं बाउट जाते ती अशी. आणखी एक: पाचही जजनी 29-28 दिले तरी पुकारा 5-0 चाच होतो, म्हणून 5-0 ऐकून पोराला घरी नेऊन झोडू नका. लढत अगदी घासून झालेली असू शकते.

व्यावसायिक लढती टीव्हीवर बघून येणाऱ्यांचा एक घोटाळा होतो. तिकडं खाली पाडलं की सहसा फेरी 10-8 होते. आपल्याकडच्या हौशी, म्हणजे ऑलिंपिकच्या पद्धतीत पाडण्याचे वेगळे गुण नाहीत. तोही एक चांगला ठोसा, बस्स. तिकडं ग्लोव्ह लहान, अंगात बनियन नाही, किताबाच्या लढतीला 12 फेऱ्या. पूर्वी 15 असायच्या. 1982 मध्ये रे मॅनसिनीशी लढून कोरियाचा किम दुक-कू दगावला, त्यानंतर त्या उतरल्या.

ही दहाची पद्धत हौशी बॉक्सिंगमध्ये आली 2013 साली. त्याआधीची पद्धत माझ्यासारख्याच्या आवडीची होती. 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या रॉय जोन्सनं 86 ठोसे मारले, यजमान देशाच्या पार्क सी-हूननं 32, आणि सुवर्ण मिळालं पार्कला, 3-2 नं. जगभर बोंबाबोंब झाली. म्हणून पुढं यंत्र आणलं. ठोसा बसला की जजनं बटण दाबायचं, आणि पाचातल्या तिघांनी एका सेकंदाच्या आत दाबलं तरच गुण. एक सेकंद! ऐकायला किती नेटकं. पण माणसाचं बोट म्हणजे काही घड्याळातली केसाएवढी बारीक स्प्रिंग नव्हे. पोटातले ठोसे निसटायचे, दोनाचे तीन बटणदाबे जमायचे नाहीत, आणि पोरं नुसती टिचक्या मारून पळायला शिकली. गेली ती पद्धत ते बरंच झालं. घड्याळ माझं दैवत असलं तरी हे मान्य करतो.

सामानाचं थोडक्यात. हाताची पट्टी साडेचार मीटरची घ्या आणि बांधायला पोराला शिकवा, रोज कोच बांधणार नाही. दाताचा गमशील्ड कोमट पाण्यात नव्हे, उकळत्या पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचा. सैल असला तर पहिल्याच ठोशाला बाहेर. हेडगार्ड मुलांना आणि मुलींना लागतो. मोठ्या पुरुषांचा मात्र 2013 पासून काढलाय. स्पर्धेचे ग्लोव्ह आयोजक देतात: मुली-बायकांना 10 औंसांचे, मोठ्या पुरुषांत वरच्या वजनांना 12.

वजनाचं मात्र थोडक्यात आवरता येत नाही. बाउट ज्या दिवशी, त्या दिवशी सकाळी पोर काट्यावर चढतं. शंभर ग्रॅम जास्त भरले तरी बाहेर. मग डिसेंबरच्या पहाटे प्लास्टिकचा रेनकोट घालून मैदानाला फेऱ्या, डब्यात थुंकणं, आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंब नाही, हे सगळं मी पाहिलंय. अशी पोरं दुसऱ्या फेरीत गुडघ्यात वाकतात, आणि माझ्या घड्याळावर ती मिनिटं संपता संपत नाहीत. वाढत्या वयाच्या पोराला वजन उतरवायला लावू नका, वरच्या गटात खेळवा. हरलं तर हरलं. आणि काट्यावरून उतरल्याबरोबर त्याच्या हातात केळी आणि पाण्याची बाटली द्या, मिसळ-पाव नको.

हॉलमध्ये बसायचं तर रिंगच्या कोपऱ्यामागं बसू नका, खांब आणि कोच मध्ये येतात. मधल्या बाजूला, चारपाच रांगा मागं बसा. जवळून फक्त हात दिसतात, थोडं मागून पाय दिसतात. वही-पेन आणा. प्रत्येक फेरी संपली की त्या एका मिनिटात 10 कुणाला ते लिहून टाका, शेजाऱ्याला न विचारता. पहिल्या दिवशी तुमचं आणि जजचं जुळणार नाही. आपल्या पोराच्या बाउटवर तर नाहीच, म्हणून परक्या पोरांवर सराव करा. सकाळपासून बाउटी चालू असतात, वेळ भरपूर मिळतो.

निकालाला रेफरी दोघांची मनगटं धरून मध्ये उभा राहतो. नाव पुकारलं की एक हात वर जातो. हरलेल्या पोरानं आणि जिंकलेल्यानंही नंतर समोरच्या कोपऱ्यात जाऊन त्याच्या कोचला नमस्कार करायचा, अशी रीत आहे. हे पोराला घरूनच सांगून आणा, कारण हरल्यावर ऐकायच्या मनःस्थितीत नसतं. ते खाली उतरलं की लगेच त्याच्यापाशी धावू नका, आधी डॉक्टरकडं जाऊ द्या. आणि माझ्या टेबलाशी येऊन “काका, दोन मिनिटं पुरी झाली होती का वो?” असं विचारू नका. झाली होती. तोवर पुढच्या लाल-निळ्याची नावं पुकारलेली असतात.